खुशालरावांची डाक

खुशालराव भुयारांचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललंय, हे घरात सगळ्यांत शेवटी कबूल केलं ते त्यांच्या मुलीनं, आचलनं. तिच्या आईनं, शकुनबाईंनी, ते केव्हाच ओळखलं होतं. भाजी आणायला गेलेला माणूस रिकामी पिशवी घेऊन परत येतो, बाजूच्या घरच्या माणसाला रोज नव्यानं नाव विचारतो, अंगात सदरा उलटा घालून तसाच दिवसभर फिरतो. बायकोच्या नजरेतून हे किती दिवस सुटणार? पण आचलचं सासर अकोल्याचं, नोकरीही तिथल्याच एका महाविद्यालयात संगणक शिकवण्याची. ती अमरावतीला यायची ती सुट्टीच्या दिवशी, आणि त्या दिवशी नेमके बाबा बरे असायचे. आईनं काही सांगायला सुरुवात केली की तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"आई, बाबा रोज सकाळी डाक पाहतात ना? वानखडे काकांना लिहितात ना? मंग? ज्याचं डोकं गेलं त्याले हे जमते काय?"

यावर शकुनबाई उठून स्वयंपाकघरात जायच्या. कारण ते खरं होतं.

ही डाक म्हणजे खुशालरावांची आयुष्यभराची कमाई. अमरावतीच्या एका खासगी तंत्रनिकेतनात ते संगणक शिकवायचे. गावात लोकांची ईमेल हा शब्द उच्चारताना जीभ अडखळायची त्या काळात त्यांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एका जुन्या यंत्रावर स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला, त्याला नाव दिलं वऱ्हाडडाक, आणि मागेल त्याला पत्ता देत सुटले. सोबतचे मास्तर, शिकून गेलेली पोरं, वरुडकडचा एक संत्रा बागायतदारांचा गट, कोणीही. "आपली डाक आपल्या घरी असावी," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं. निवृत्तीनंतर तंत्रनिकेतनानं ते यंत्र भंगारात काढलं, तेव्हा त्यांनी भाड्यानं सर्व्हर घेतला आणि सगळ्यांच्या पेट्या एकही पत्र न हरवता तिकडे हलवल्या. त्या कामात आचल त्यांच्या शेजारी बसली होती. संगणकाचा नाद तिला तिथूनच लागला.

डाक बघायला ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं. ते पान दाखवणारं वेबमेलचं सॉफ्टवेअर खुशालरावांनी स्वतः निवडून बसवलं होतं, आणि त्याचा चेहरा वर्षानुवर्षं बदलू दिला नव्हता. फिका निळा रंग, डावीकडे पेट्या, वर चित्रांची ओळ, त्यात पहिलीच पेन्सिल. पेन्सिलवर टिचकी मारली की कोरा कागद. आंघोळ झाली की खुशालराव खिडकीजवळच्या टेबलाशी बसत, पासवर्ड टाकत, पेन्सिलवर जात आणि अकोल्याच्या धर्मपाल वानखड्यांना पत्र लिहीत. धर्मपाल त्याच तंत्रनिकेतनात कर्मशाळेचे, म्हणजे वर्कशॉपचे, निदेशक होते. दोघांनी अर्धं आयुष्य एका टेबलावर डबा खाल्ला होता. निवृत्तीनंतर ते अकोल्याला जुन्या शहरात, आपल्या वडिलांच्या घरी राहायला गेले. तिकडून उत्तर येई. ते वाचून खुशालराव हसत, यंत्र बंद करत, आणि मग बाकीचा दिवस त्यांच्या हातून निसटत जाई. पण ती सकाळ त्यांची होती. तिथं त्यांना कोणाची मदत लागत नसे.

हिवाळ्याच्या सुरुवातीला आचलला सेमाडोहहून फोन आला. रागिणी नावाची मुलगी, खुशालरावांची जुनी विद्यार्थिनी. मेळघाटात वाघ बघायला येणाऱ्यांसाठी ती घरातल्याच खोल्या भाड्यानं देत होती, आणि पाहुण्यांशी तिचा सगळा पत्रव्यवहार वऱ्हाडडाकेवरून चाले.

"ताई, माह्या पत्त्यावरून पाव्हण्यांले भलतेच मेल गेले," ती रडवेली होऊन सांगत होती. "मी तं काहीच नाही पाठवलं. लोक मले फोन करून शिव्या देऊन राहिले. म्हणते, तू फसवणूक करते. सरांले फोन केला तं ते म्हणाले, कोन रागिणी?"

शेवटचं वाक्य आचलनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सर्व्हर उघडून पाहिला. वेबमेलची आवृत्ती इतकी जुनी होती की तिच्यात चोराला शिरायला भोक कुठं आहे हे जगभर छापून आलेलं होतं. नव्या आवृत्तीत ते कधीच बुजवलेलं होतं. पूर्वी बाबा असलं काही राहू देत नसत. नवी दुरुस्ती आली की आठवड्यात बसवत. गेल्या काही वर्षांत त्यांनी काहीच बसवलं नव्हतं. म्हणजे बाबा कधीपासून विसरायला लागले, याचा हिशेबच त्या सर्व्हरवर लिहिलेला होता, आणि तो आचलला आज वाचावा लागला.

रविवारी सकाळच्या गाडीनं ती अमरावतीला आली. खुशालरावांची डाक लिहून झाली होती. तिनं त्यांच्याच टेबलावर आपला लॅपटॉप मांडला. शकुनबाईंनी भरतासाठी वांगी विस्तवावर टाकली होती, त्याचा धूर खोलीभर होता.

"काय करून राहिली?" खुशालरावांनी विचारलं.

"वेबमेल अपग्रेड करून राहिली, बाबा."

त्यांनी खुर्ची ओढली. चष्मा पुसला. आणि एकदम, कोणी दिवा लावावा तसा, त्यांचा आवाज बदलला.

"बॅकअप घेतला?"

"घेतला."

"कोठी ठेवला?"

"तिथंच, सर्व्हरवर."

"शाबास! म्हणजे घराले आग लागली तं नक्कल बी त्याच घरात. इकडं उतरव आधी. डेटाबेस बी उतरव. अन् चालत्या गाडीचं चाक नको बदलू. बाजूले दुसरी प्रत मांड, तिच्यावर करून पाह्य, मंग खरीले हात लाव."

आचलनं मान खाली घातली, कारण डोळे भरून आले होते. हे तिचे बाबा होते. वर्गात फळ्याकडे पाठ करून न बघता लिहिणारे, चूक करणाऱ्या पोराला चिमटा काढून हसवणारे. तिनं मुकाट्यानं बॅकअप उतरवला, बाजूला प्रत मांडली, त्यावर नवी आवृत्ती चढवली. डेटाबेसची तालिका बदलणारी आज्ञा चालवली, ती मध्येच अडली. एक जुना जोडप्रोग्राम नव्याला चालत नव्हता; तो बंद केला. मग जुन्या सेटिंगच्या फाइलमध्ये तिला एक विचित्र ओळ दिसली. पानानं किती वेळ वाट पाहावी याचा आकडा वाजवीपेक्षा कितीतरी मोठा होता.

"बाबा, हे काहून टाकलं होतं तुमी?"

खुशालराव पडद्याकडे वाकले. "थे सेमाडोहसाठी. तिथं रेंज येते अन् जाते. रागिणीचं अर्धं लिहिलेलं उडून जाय. पोरगी रडे. म्हून म्हटलं, थोडा दम धर बाप्पा तिच्यासाठी. राहू दे थे."

रागिणी कोण, हे त्यांना आत्ता ठाऊक होतं. आचलनं ती ओळ नव्या फाइलमध्ये जशीच्या तशी उतरवली. स्वयंपाकघराच्या दारात शकुनबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात चिमटा तसाच. नवऱ्याचा हा आवाज त्यांनी किती दिवसांनी ऐकला होता कोणास ठाऊक. आत वांगी करपत होती, पण त्या हलल्या नाहीत.

एकच गोष्ट राहिली. नव्या आवृत्तीत तो जुना निळा चेहरा नव्हता. बनवणाऱ्यांनी तो काढून टाकला होता. नवं रूप पांढरं, मोकळं, मोबाइलवरही नीट दिसणारं होतं.

"बाबा, दिसायले सगळं बदलून जाईन," ती म्हणाली. "तुमाले चालन?"

खुशालरावांनी हात झटकला. "रंगरंगोटीचं काय घेऊन बसली? आत लोकायची डाक हाय. लोक आपल्या भरोशावर हायेत. थे सांभाळ. कर."

तिनं केलं. दुपारी जेवणाआधी खरा सर्व्हर नव्या आवृत्तीवर चालू झाला. सगळ्यांच्या पेट्या जागच्या जागी होत्या. तिनं रागिणीला फोन करून पासवर्ड बदलायला लावला, आणि तिकडून आनंदानं ओरडणं ऐकू आलं, "ताई, मोबाइलवर बी कसं मस्त दिसते आता!" जेवताना खुशालरावांनी भरताची तारीफ केली. गाडीला निघण्याआधी आचलनं त्यांना टेबलाशी बसवून नवं पान दाखवलं. इथं पत्रं, इथं लिहायचं. त्यांनी मान डोलावली. "वा," म्हणाले. "झ्याक."

गाडीत बसून आचलनं नवऱ्याला फोन केला, आणि बाबा आज कसे होते ते सांगताना तिचा आवाज इतका हसरा होता की समोरची अनोळखी बाईही हसली.

सोमवारी तिचा तास चालू असताना आईचे फोनवर फोन येऊन गेले होते. तास संपल्यावर तिनं लावला.

"सकाळपासून त्या यंत्रापुढं बसले हायेत," शकुनबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "उठत नाही. चहा नाही, नाश्ता नाही. म्हणते, माह्या घरात कोनीतरी दुसरं राहायले आलं."

"त्यांना दे."

शकुनबाईंनी फोन त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, वरती पाहा. 'लिहा' असं एक बटण असन."

"पेन्सिल कोठी हाय?"

"पेन्सिल नाही बाबा आता. 'लिहा' म्हणून..."

"इथं सगळं पांढरं हाय. बर्फासारखं. पेन्सिल कोनं नेली?"

"बाबा, काल आपण दोघांनी मिळून..."

"धर्म्याची डाक कोठी हाय?" त्यांचा आवाज चढला, आणि मग एकदम लहान मुलासारखा बारीक झाला. "बाई, तुमी कोन बोलून राहिल्या? माही डाक परत द्यायले लावा त्यायले. मी कोनाचं काही बिघडवलं नाही."

आचल मास्तरांच्या खोलीबाहेर, जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. पुढच्या तासाची घंटा झाली तरी उठली नाही.

त्या आठवड्यात ती रजा काढून अमरावतीला आली. जुना चेहरा इंटरनेटवर कोणीतरी वेगळा जपून ठेवलेला तिला मिळाला. तिनं तो नव्या सॉफ्टवेअरवर चढवला. निळा रंग आला, पेन्सिलही आली, पण ओळीत पहिली नव्हती आली आणि कागद वेगळ्याच तऱ्हेनं उघडत होता. खुशालराव ते बघून पाहुण्यानं दुसऱ्याच्या घराची स्तुती करावी तसं "चांगलं हाय" म्हणाले आणि माउसला हात न लावता उठले. त्यांचा हात जिकडे जायचा तिथं पेन्सिल नव्हती. शोधायची असते, हे त्यांना कळत नव्हतं. ते शोधत नसतच मुळी कधी. त्यांचा हात आपला आपण जात होता, आणि जोवर तो जात होता तोवर डोक्याला काही विचारावं लागत नव्हतं. आचलला हे आत्ता उमगलं. त्या निळ्या पानावर बाबा काही आठवत नव्हते. ते पानच त्यांच्यासाठी आठवत होतं.

खुशालराव आता व्हरांड्यातल्या खुर्चीत बसू लागले. तिथून फाटक उघडून बाहेर जायला लागले. एकदा कठोरा नाक्यापर्यंत चालत गेले, आणि एका भाजीवाल्यानं त्यांना ओळखून घरी आणून सोडलं. शकुनबाईंची आंघोळ, देवपूजा, दळण-निवडण, सगळं त्या डाकेच्या वेळात व्हायचं. आता त्यांना माणसावरची नजर हलवता येईना. त्या कधी मुलीला शब्दानं बोलल्या नव्हत्या. पण त्या दिवशी, भाजीवाला गेल्यावर, फाटकाला कुलूप घालता घालता त्यांचा बांध फुटला.

"तुले कोनं सांगितलं होतं हात लावायले? तेवढा एक वेळ तं होता त्यायच्यापाशी. अन् माह्यापाशी."

आचल व्हरांड्याच्या पायरीवर बसली. थोड्या वेळानं शकुनबाईंनीच येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जेवून घे माय. मी रागात बोलली."

मग आचलनं दुसरा मार्ग काढला. जुनी आवृत्ती जगासाठी उघडी ठेवणं शक्य नव्हतं. रागिणीसारख्या किती जणांचं नुकसान झालं असतं. पण घरातल्या घरात, बाहेरून कोणालाही शिरता येणार नाही अशी, फक्त बाबांच्या यंत्रावर ती चालवता आली असती. जुन्या सॉफ्टवेअरला जुन्याच प्रणालीचा आधार लागत होता. तो कुठून कुठून शोधून, जुळवून, अकोल्याला घरी रोज कॉलेजातून आल्यावर ती खटपट करत राहिली. उतरवून ठेवलेला बॅकअप तिनं त्यात ओतला. पंधरवडाभर हे चाललं. अखेर एका रविवारी ती ते सगळं घेऊन अमरावतीला आली, बाबांच्या यंत्रावर मांडलं, आणि पडद्यावर तोच फिका निळा रंग, तीच ओळ, पहिली पेन्सिल. धर्मपाल काकांची या दिवसांतली पत्रंही तिनं त्यात आणली होती. रोजचं एक, न उघडलेलं.

आंघोळ झाल्यावर तिनं बाबांना हाताला धरून टेबलाशी आणलं. खिडकीतून ऊन आलं होतं. शकुनबाई पदर तोंडाशी धरून मागे उभ्या.

खुशालराव बसले. दोन्ही हात टेबलावर ठेवले. पडद्याकडे पाहत राहिले.

"बाबा, पासवर्ड."

त्यांनी कळफलकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेहऱ्यावर ओशाळलेलं हसू होतं, परक्या घरी कोणती चप्पल आपली हे न कळल्यासारखं. "काय करायचं असते इथं?" त्यांनी विचारलं.

तिनं स्वतः पासवर्ड टाकला. पेटी उघडली. सगळ्यांत वरचं पत्र उघडलं. खुशालरावांनी चष्मा सावरून एकेक शब्द मोठ्यानं वाचला.

"खुशाल, महिना होत आला, तुही डाक नाही. तब्येत बरी हाय ना? का रागावला माह्यावर? इकडं थंडी पडली. मोर्णेच्या पुलावर सकाळी धुकं राहते. तुहा धर्मपाल."

वाचून झालं. मग खुशालरावांनी चष्मा काढला आणि अगदी हलक्या आवाजात, तिला समजावत, म्हणाले, "कोनाची हाय ही डाक? बंद कर पोरी. दुसऱ्याची डाक वाचू नाही."

इतकी वर्षं शेकडो लोकांच्या पेट्यांच्या किल्ल्या या माणसाच्या हाती होत्या, आणि त्यानं कधी कोणाचं एक पत्र उघडलं नव्हतं. तेवढं मात्र ते विसरले नव्हते.

आचलनं पडदा बंद केला.

डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या व्हायचंच होतं. महिनाभर इकडे किंवा तिकडे. मनाला लावून घेऊ नका. आचलनं मान हलवली. तो महिना कोणाचा होता, हे त्यांना विचारून उपयोग नव्हता.

अकोल्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी ती मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेली. धर्मपाल काकांचं घर बोळाच्या टोकाला होतं. दार उघडंच होतं, समोर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली टेबलावर जुना संगणक, प्लॅस्टिकनं झाकलेला. काकांनी तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"गेला का?"

"नाही काका. नाही. बाबा आहेत."

ते खाली बसले. तिनं सगळं सांगितलं. मग काका म्हणाले, "मले माहीत होतं पोरी. कवाचं माहीत होतं. दोन वर्षं झाली, तो रोज एकच विचारे. धर्म्या, जेवला का, पोरगं नोकरीले लागलं का. माह्या पोराले नोकरी लागून नातू शाळेत जाऊन राहिला. मी रोज लिहो, लागलं बाप्पा, कालच लागलं. अन् तो रोज लिहे, पेढे पाठव."

"तुमी कोणाले बोलले नाही?"

"काय बोलू?" त्यांनी प्लॅस्टिकची घडी उगाच सारखी केली. "तुही काकू गेल्यापासून, मी जेवलो का, हे विचारनारं दुसरं कोन होतं? तो विसरे, पन विचारे तं सही."

मग ते उठले, खुंटीवरचा स्वेटर काढला. "रविवारी मले घेऊन चाल. डाक जात नाही तं मीच जातो."

रविवारी ते दोघं गाडीनं निघाले. बडनेरा येईपर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "मले पाहून त्याले आठवन. चेहरा अलग असते. लिहिलेलं पुसते मानूस, चेहरा नाही पुसत." आचलला त्यांना सावध करायचं होतं, पण धीर झाला नाही. खरं म्हणजे तिलाही तेच वाटत होतं.

खुशालराव व्हरांड्यात बसले होते. अंगात स्वच्छ सदरा होता, शकुनबाईंनी घातलेला. फाटकाचा आवाज झाला तसे ते उभे राहिले आणि हात जोडले.

"या, या. बसा."

धर्मपाल पुढे झाले आणि त्यांनी मित्राचे दोन्ही जोडलेले हात आपल्या हातात धरले. "खुशाल," ते म्हणाले. "कसा हायेस बे?"

खुशालराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. निरखून, मन लावून. शकुनबाई दारात थांबल्या.

"बरा हावो जी," खुशालराव म्हणाले. "आपन कोन्या गावचे?"

धर्मपालांचा हात सुटला नाही. "अकोल्याचा."

"अकोल्याचे!" खुशालरावांचा चेहरा उजळला. "मंग तुमी धर्म्याले ओळखत असान. वानखडे. वर्कशॉपले होता आमच्या."

"ओळखतो ना."

"त्याची डाक नाही येऊन राहिली बहुत दिवसांपासून," खुशालराव त्यांना खुर्चीकडे नेत म्हणाले. "तुमी जासान तं सांगजा त्याले. म्हणा, खुशाल वाट पाहून राहिला. माह्या हातून काही चुकलं असन तं माफ कर म्हणा."

"काही चुकलं नाही तुह्या... तुमच्या हातून," धर्मपाल म्हणाले. "थो बी आठवन काढते. रोज काढते. मी सांगतो त्याले."

"लय जिवाचा मानूस हाय."

"हो," धर्मपाल म्हणाले. ते चपला काढण्याच्या निमित्तानं वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

जेवण झालं. खुशालरावांनी पाहुण्याला आग्रह करून भाकर वाढायला लावली. बोलता बोलता त्यांनी धर्म्याच्या गोष्टी सांगितल्या: लेथ मशीनवर त्यानं कसं पोराचं तुटणारं बोट वाचवलं, दोघं सायकलींवर चिखलदऱ्याला कसे निघाले आणि घाटात पाऊस लागून कसे माघारी आले. धर्मपाल ऐकत होते, योग्य जागी "असं?" म्हणत होते. घाटाच्या गोष्टीत खुशालराव एका गावाचं नाव विसरले, तेव्हा धर्मपालांनी ते हळूच सांगितलं. "बरोबर!" खुशालराव खूश झाले. "तुमाले कसं माहीत?" "त्यानंच सांगितलं होतं मले," धर्मपाल म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीला आचलनं त्यांना घरच्या स्कूटरवर स्टेशनला आणलं. ती स्वतः रात्र तिथंच राहणार होती. फलाटावर त्यांनी चहा घेतला. गाडी लागलेली होती, तरी काका चढेनात.

"आचल, माही डाकपेटी बंद करून टाक," ते म्हणाले.

"राहू द्या ना काका. असू द्या."

"नाही पोरी. उघडी राहिली तं मी रोज उघडून पाहीन." त्यांनी कप कचऱ्याच्या डब्यात टाकला. "मले दुसऱ्या कोनाची येत नाही."

गाडी हलली तेव्हा ते दाराशी उभे होते, पण त्यांनी हात हलवला नाही. आचल स्टेशनबाहेर आली, स्कूटरवर बसली, आणि किल्ली फिरवायचं विसरून तशीच बसून राहिली. रिक्षावाले येऊन विचारून गेले. मग ती रडली, तिथंच, राजकमल चौकाकडे जाणाऱ्या गर्दीच्या रस्त्यावर, हेल्मेट घालून, कोणाला दिसू नये म्हणून.

घरी आली तेव्हा व्हरांड्यातला दिवा लागलेला होता. खुशालराव फाटकाच्या आतल्या बाजूनं गजांना धरून उभे होते. तिला बघून त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

"ते पाहुणे गेले का?"

"गेले, बाबा."

"भले मानूस होते," खुशालराव म्हणाले. "जागा भेटली का त्यायले गाडीत?"

"भेटली. खिडकीची."

"बरं झालं मंग," ते म्हणाले, आणि तिच्या मागून फाटकाचं कुलूप लागेपर्यंत तिथंच थांबले.